बत्तिसाव्या खेळाडूची मोहीम

चित्त देऊन ऐकावे. अखंडित-खडू-मंडित, नकाशाविद्यानिपुण भूगोलाच्या बाईसाहेब यांणी शाळेत बुद्धिबळाची स्पर्धा कैसी भरविली, ते वर्तमान जैसे घडले तैसे लिहितो. पदरचे तिखटमीठ लावीत नाही.

बाईंची दौलत म्हणजे जिन्याखालचे एक कपाट, त्यांत सोळा पट आणि मोहरे. त्यावर व्यायामशिक्षक शिट्टीसर यांचा डोळा, कारण त्यांचे चेंडूंस ठिकाण नव्हते. कज्जा हेडमास्तरसाहेबांपाशी गेला आणि फर्मान सुटले की शनिवारचे स्पर्धेस नववी-दहावीचे बत्तीस गडी जमवावे. जमल्यास कपाट बाईंस बहाल, एक जरी उणा तरी तेथे चेंडूंचा अंमल बसेल.

बाई हट्टास पेटल्या. मग वर्गोवर्गी फिरल्या, आणि कोणास गोड बोलून, कोणास नकाशावहीची मुदत वाढवून देऊन फौज उभी केली. शुक्रवारी गणती पुरी बत्तीस जाहली. तोच एक चिठ्ठी आली. दहावीची एक मुलगी, जी हजेरीखेरीज वर्गात शब्द उच्चारीत नसे, तिचे नाव तिच्या आईने मागे घेतले.

शिट्टीसर ते ऐकोन टेप घेऊन आले आणि कपाटाचे माप घेऊ लागले. बाईंची तळपायाची आग मस्तकास गेली. त्या तैशाच निघाल्या आणि आईच्या शिवणाच्या दुकानी दाखल जाहल्या.

आईने मशीन थांबविले नाही. "बाई, दहावीचं वर्ष आहे. ही खेळत बसली तर पेपर काय मी लिहू?"

बाईंणी एकाग्रता, स्मरणशक्ती, बुद्धीची वाढ ऐसे तोफगोळे बहुत डागिले, आणि मशीन चालतेच. मग दारूगोळा सरला आणि बाई खरेच बोलून गेल्या.

"ताई, ती परवा आपणहून उठून म्हणाली, 'बाई, माझं नाव घाला.' दोन वर्षांत हजेरीखेरीज मी तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला हो."

मशीन थांबले. आईने दातांनी दोरा तोडिला.

"तीन तास. वर एक मिनिट नाही."

शनिवारी सभागृहात पट मांडिले. एक काळा वजीर गहाळ, त्याचे गादीवर पेनाचे टोपण बसविले, आणि रण माजले. चौदावे खेळीस त्या मुलीचा राजा कैद जाहला. बाईंस धस्स जाहले, की आता आईस काय तोंड दाखवावे?

तीन तास होताच आई दारी उभी. आत मुलगी दुसऱ्यांचे संपलेल्या डावापाशी होती, भोवती सात-आठ जण, आणि ती हात नाचवीत खडसावीत होती, "अरे, उंट काढलासच कशाला? घोडा होता ना समोर!"

"ही आमचीच का?" आईने पुसिले.

"पहिल्याच डावात हरली हो," बाई खालमानेने बोलिल्या.

"ते नाही विचारलं मी," ऐसे म्हणोन आईने खुर्ची ओढिली आणि ठाण मांडिले.

अजिंक्यपद नववीच्या एका चष्मेवाल्याने मारिले. कपाट बाईंकडे कायम जाहले, मोहीम फत्ते. शनिवारी गडी आवरताना ओरडोन बाईंचा घसा बसला, सबब सोमवारी नद्यांचा धडा त्याच मुलीने वर्गास वाचोन दाखविला, ऐसी दफ्तरी नोंद असे.