अंबादासमामांची पिशवी

अंबादासमामांकडे चहाला जायचं तर नवा शर्ट घालून जाऊ नये. तुम्ही खुर्चीत टेकायच्या आत ते तुमची बाही उलटी करून शिवण बघतात. "सुलट बाजू कुणीबी चांगली करतंय सर, उलटी बघावी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझ्या मेव्हण्याच्या नव्या सफारीचं अस्तर त्यांनी भर पंगतीत बाहेर काढलं होतं. मेव्हणा अजून आमच्याशी धड बोलत नाही.

मामा टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे अडलेले यंत्रमाग चालू करून देणारे. अख्खा कारखाना त्यांना मास्तर म्हणायचा. मग कारखाना बंद पडला. मामी आधीच गेल्या होत्या, मुलगी लग्न होऊन हैदराबादला. उरलो शेजारी मी, शाळेत शिकवणारा. त्यामुळे मामांचं जे जे बिघडतं ते माझ्या डोक्यावर येऊन बसतं.

चार वर्षांपूर्वी त्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर झाला. रेडिएशन दिलं, कॅन्सर आटोक्यात आला, आम्ही पेढे वाटले. पुढे दोनेक वर्षांनी पोट फुगायला लागलं, खाल्लेलं उलटून पडायला लागलं. सर्जननी तपासण्या करून सांगितलं, "त्या किरणांनी लहान आतड्याचा एक तुकडा होरपळून आकसलाय. तो कापून काढू आणि चांगली टोकं जोडू. सांधा भरून येईपर्यंत वरचं आतडं पोटावर बाहेर काढून तिथं मैला जमायची पिशवी लावू. तीनेक महिन्यांनी ती काढून टाकू."

मामा खुर्चीतून पुढे सरकले. "चार बोटं जास्तच कापा, डॉक्टरसाहेब. जळक्या सुताला गाठ धरत न्हाय."

"अहो मामा, ते सर्जन आहेत!"

पण सर्जन हसले नाहीत. म्हणाले, "बरोबर आहे. निरोगी भाग लागेपर्यंत मागं जाणार आहे."

झालं! त्या क्षणी मामांनी डॉक्टरांना आपल्या हाताखाली घेतलं. "पर सांधा पक्का घालणार, तर वर पिशवी कशाला? तुमचा तुमच्या कामावर भरवसा न्हाय व्हय?"

आठ दिवस मी समजूत काढत होतो. "पोटाला पिशवी बांधून हिंडू काय लोकांत?" एवढं एकच पालुपद. पाण्याचा घोटही पोटात ठरेना तेव्हा कुठे सही केली.

ऑपरेशन चांगलं झालं. तीन महिन्यांनी सर्जन म्हणाले, सांधा छान धरलाय, आता पिशवी काढू. मी सुटकेचा निःश्वास टाकला. मामा म्हणाले, "ऊन लई हाय. टाकं चिघळतील." ऊन सरलं. "लेकीला रजा न्हाय." मी लेकीला फोन केला, तर बिचारीने दोनदा रजा काढून दोनदा रद्द केली होती. मग म्हणे, "श्रावण हाय की."

"श्रावणात मटण सोडतात मामा, ऑपरेशन नाही!"

काही उपयोग नाही. जी पिशवी नको म्हणून माझं डोकं खाल्लं, तीच आता सोडवेना. वर दर बुधवारी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडायचे. कुठे, तर "कामाला".

शेवटी वैतागून एका बुधवारी मी स्वतःच तारीख घ्यायला हॉस्पिटलात गेलो. वॉर्डाबाहेरच्या बाकावर मामा! समोर श्रीपूरकडच्या एक बाई बसलेल्या. त्यांचंही दुखणं तेच, रेडिएशननंतरचं. पिशवी नवीनच लागलेली. खाल्लं की ती भरते, म्हणून बाईंनी खाणंच सोडलं होतं. मामा पिशवीच्या, पोटाला चिकटणाऱ्या चकतीला कात्रीने मापात भोक पाडत होते. "सूतभर जरी मोठं झालं तर कातडी सोलती, बाई. ही अशी कड धरायची."

मग, उघड्या अंगाने माझ्यासमोरही कधी न आलेल्या या माणसाने आपला शर्ट वर केला.

"ही बघा, माझीबी हाय. भरली तर भरू द्या की, भरायलाच लावलीय. मऊ भात खावा."

बाईंनी बराच वेळ बघितलं आणि डबा उघडला. सिस्टर माझ्या कानाशी म्हणाल्या, "दर बुधवारी येतात मास्तर. नवे पेशंट आमचं नाही, त्यांचंच ऐकतात."

मी मामांना बाजूला घेतलं. "तारीख का ढकलताय ते आज सांगा. खरं."

त्यांनी कात्री पुसून खिशात ठेवली. "कारखाना बंद झाल्यापासनं मला कुणी काय इचारलं न्हाय, सर. हितं इचारत्यात. पिशवी काढल्यावर मी हितं कोण म्हणून यायचं?"

मला स्वतःची फार लाज वाटली. इतके महिने मी या माणसावर नुसता चिडत होतो. रोज भेटूनही एक प्रश्न मी त्यांना विचारला नव्हता. पण सवयीने बाहेर पडला तो राग. "अहो, मग पिशवी निघते हे त्या बाईंना दाखवणार कोण? मी?"

बाई लहान लहान घास घेत होत्या. मामा त्यांच्याकडे बघत राहिले.

"शुक्रवारची तारीख मिळती का बघा," ते म्हणाले.

"शुक्रवारच का?"

"म्हंजे पुढल्या बुधवारी मी अजून वॉर्डातच असतो की. सगळ्यास्नी पलंगापाशी बोलवता येतंय."