शह सांगून द्यावा

मारुतीअण्णा मोबाइलवर बुद्धिबळ खेळतात आणि शह दिला की "शह!" म्हणून ओरडतात. समोरचा ब्राझीलमध्ये असो की बिहारमध्ये, त्याला ते ऐकू गेलंच पाहिजे. भूममधल्या आमच्या गल्लीला तरी जातंच. शेजारच्या काकूंच्या हातून दोनदा दूध सांडलंय. "अण्णा, त्याला स्क्रीनवर दिसतं की," असं मी सांगून पाहिलं.

"दिसू द्या. पर न सांगता राजाला धरणं म्हंजी चोरी."

ओरडून झाल्यावर अण्णा दोन सेकंद कान देऊन थांबतात, तिकडून कुणी काही म्हणतंय का म्हणून. कुणी काही म्हणत नाही. मग पुढची चाल.

अण्णा एस.टी.चे निवृत्त कंडक्टर, ड्रायव्हरांच्या भाषेत मास्तर. प्यादं ढकलताना "पुढं सरका, पुढं सरका" म्हणतात. स्वतःचा मोहरा मेला की "उतरा, आलं तुमचं गाव" म्हणून त्याला निरोप देतात. बायको गेल्यापासून घरात एकटेच, त्यामुळे या प्रवाशांशिवाय बोलायला तिथं कुणी नाही.

मी शाळेत गणित शिकवतो, बुद्धिबळ बऱ्यापैकी खेळतो आणि दुसऱ्याच्या चुका काढायची मला हौस आहे. बायको म्हणते, हौस नाही, खोड. तर दिवाळीनंतर अण्णा आले आणि मोबाइल माझ्यापुढं ठेवून म्हणाले, "सर, माझं हजार करून द्या."

हजार म्हणजे रेटिंग. जिंकलं की आकडा चढतो, हरलं की उतरतो. अण्णांचा आठशे चाळीसवर रुतून बसला होता. आता या वयात हजार कशाला, तर दत्तूभाऊंमुळे. दत्तूभाऊ अणदूरचे, अण्णांच्या गाडीचे ड्रायव्हर. एका गाडीवर दोघांनी उभी नोकरी काढली. मुक्कामाच्या गावी गाडी लागली की कापडी पट अंथरायचा आणि डाव मांडायचा. अण्णांना खेळ शिकवला तो दत्तूभाऊंनीच. निवृत्तीनंतर ते पुण्याला मुलाकडं गेले, नवव्या मजल्यावर. मग दोघं मोबाइलवर खेळू लागले. एकदा दत्तूभाऊ फोनवर चेष्टेत म्हणाले, "मास्तर, तुला हरवून माझं रेटिंगसुदिक वाढंना. आदी हजार कर, मंग डाव लाव." अण्णांनी फोन कापला. तीन महिने झाले, बोलणं बंद. मात्र मोबाइलवर दत्तूभाऊंच्या नावापुढं हिरवा ठिपका लागला की अण्णा तो विझेपर्यंत बघत बसायचे. हजार झाल्याशिवाय हाक मारायची नाही, आणि हाक मारल्याशिवाय राहवत नाही, अशी गत.

मी त्यांचे चाळीस डाव संगणकावर तपासले. सुरुवात बरी, मधला खेळ चांगला, शेवट मात्र आत्मघात. वजीर आहे, हत्ती आहेत, समोर राजा आणि एक प्यादं. ते प्यादं उघडं पडलंय, मारा म्हणतंय, आणि अण्णा रुसलेल्या व्याह्याला टाळावं तसे त्याला वळसा घालून जातात. मग ते प्यादं शेवटच्या घरात पोचून वजीर होतं, नाहीतर अण्णांचा वेळ संपतो. एक नाही, दोन नाही, तब्बल एकवीस डाव असे गेलेले.

"हे दिसत नाही तुम्हाला?" मी चिडून विचारलं.

"मोतीबिंदू हाय जरा," अण्णा खाली बघत म्हणाले.

मी त्यांना धाराशिवला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, नजर साफ आहे, हे अजून गाडीसुद्धा चालवतील. परतताना अण्णा खिडकीतून बाहेर बघत बसले.

तरी शिकवणी चालू ठेवली. शेवट सुधारेना, तेव्हा मी सुरुवात इतकी घोटून घेतली की समोरच्यानं प्यादं-बिदं उरायच्या आतच हार मानावी. आकडा हलला. नऊशे. नऊशे साठ. एका रविवारी दुपारी नऊशे चौऱ्याण्णव. आणखी एक डाव जिंकला की झालं.

रेंजसाठी आम्ही गच्चीवर बसलो. दहा मिनिटांचा डाव. समोरचा चिवट निघाला, हार मानेना. दत्तूभाऊंचा हिरवा ठिपका लागलेला होता. शेवटचं दीड मिनिट उरलं तेव्हा अण्णांकडं वजीर आणि हत्ती, समोर राजा आणि एक प्यादं. प्यादं थेट वजिराच्या तोंडात.

"अण्णा, खावा ते!"

अण्णांनी वजीर उचलला, प्यादं सोडून पलीकडं ठेवला. "शह!" दोन सेकंद थांबले. राजा सरकला.

"अण्णा, वेळ जातोय!"

"शह!" पुन्हा थांबले. पन्नास सेकंद. तीस. प्यादं अजून तिथंच. मी अक्षरशः त्यांचं मनगट धरलं. त्यांनी ते सोडवून घेतलं, माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "शह!" आणि घड्याळ शून्यावर आलं.

डाव गेला. नऊशे शहाऐंशी.

"ते प्यादं मारलं असतं तर वेळ संपूनसुद्धा बरोबरी होती!" मी ओरडलो. "एकट्या राजाकडून तुम्ही हरत नाही! तुम्हाला जिंकायचंच नाही!"

अण्णांनी मोबाइल पालथा ठेवला. "सर, आमच्या जुन्या डावात राजाला एकटं पाडलं की बुर्जी. डाव तितंच मोडायचा, पुरी जीत न्हाय कुणाचीच. एक सोबती ठिवून मात करायची, असं दत्तूभाऊनं शिकवलं. तवा वाटायचं, नियम हाय म्हून पाळायचा." त्यांनी मोबाइल बाजूला सरकवला. "आता म्या बगतो ना. एकटा राजा लई वंगाळ फिरतो, सर. सैपाकघरात जातो, माघारी वसरीवर येतो. चाल असती, पर जायचं कुठं? तसं करून म्या हजार करू व्हय?"

मला लाज वाटली. दोन महिने मी त्यांची चूक शोधत होतो, आणि त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेऊन आणलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. अण्णांनी नाव बघितलं आणि मोबाइल माझ्यापुढं केला. मीच स्पीकर लावला.

"मास्तर," दत्तूभाऊंचा आवाज. "मोबाइलवर बगत हुतो तुजा डाव. प्यादं का सोडलंस?"

अण्णांचा अंगठा लाल बटणाकडं गेला. पाच महिन्यांचा अबोला होता. आता फोन कटणार असं मला वाटलं.

"अजून पाळतोस व्हय रं ते?" दत्तूभाऊ म्हणाले. "हजारबिजार ऱ्हाऊ दे. लाव डाव. फोन ठिवू नगंस."

मी उठलो, पण जिन्यातच थांबलो. गच्चीवर प्यादी पुढं सरकत होती, मोहरे आपापल्या गावी उतरत होते. बऱ्याच वेळानं अण्णांचा आवाज आला. या खेपेला ते ओरडले नाहीत.

"शह, डायवरसाब."

अण्णा नेहमीसारखे दोन सेकंद थांबले.

"कळलं, मास्तर."