पहिला हात, दुसरा हात

नखांवर पानंफुलं काढायला अशी काय अक्कल लागते हो? आमच्या ऑफिसच्या फळ्यावर दर सोमवारी सुविचाराभोवती वेलबुट्टी काढणारी मीच. अख्खा फळा रंगवणारीला चिमूटभर नखं जड जाणार? म्हणून ताईला मी छातीठोकपणे सांगितलं, "तू फक्त हात पुढे कर. बाकी माझ्यावर सोड."

ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, नटण्यामुरडण्यातली नाहीच. पण कॅन्सरच्या गोळ्या सुरू झाल्या आणि त्यांनी केसांना हात न लावता सगळा राग नखांवर काढला. नखं काळीठिक्कर पडली. तिची लेक बिट्टी होस्टेलवर असते, तिची शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर आलेली, आणि त्याआधी ती एक दिवस घरी येणार होती. "पेपर होईपर्यंत तिला कळता कामा नये," ताईने बजावलं होतं. "सगळं सोडून माझ्या उशाशी येऊन बसेल ती." बसलीच असती. मायलेकी सारख्याच हट्टी.

आमचे दाजी घरं रंगवायची कामं घेतात. बादली आणि ब्रश घेऊन ते बाहेर पडत होते, तेवढ्यात मी विचारून घेतलं, "दाजी, रंग नीट बसायला काय करायचं?"

"पहिला हात पूर्ण वाळू द्यायचा," ते चपला घालता घालता म्हणाले. "मगच दुसरा हात. घाई केलीस की सगळं बोंबललं."

झालं! मी ताईचा डावा हात धरला. काळं झाकायचं म्हणून हिरवा रंग, त्यावर लगेच आणखी हिरवा, आणि त्या ओल्या चिखलातच टूथपिकने फुलं. उजव्या हाताला शिवलेसुद्धा नाही. पहिला हात वाळला नव्हता ना अजून!

"हा ढेकूण कशाला काढलास?" ताईने विचारलं.

"फुलपाखरू आहे ते."

"आणि हे शेवाळ?"

"गवताचं पातं. तू हलू नकोस, वाहतंय ते."

ताई खुदकन हसली. किती दिवसांनी हसली! मला असं भरून आलं की मी त्या भरात आणखी एक पान काढलं, ते ओघळून थेट तिच्या पेरावर आलं. पंख्याखाली धरलं, फुंकरा मारून माझा जीव गेला, रंग काही वाळेना.

तेवढ्यात बेल वाजली. संध्याकाळी येणारी बिट्टी भरदुपारी दारात. ताईने उजवा हात मांडीवरच्या टॉवेलखाली खुपसला.

डावा हात बघून बिट्टी मटकन खालीच बसली. "मावशी, नखं रंगवलीस की पालक वाटलास? बघू, दुसरा हात कसा झालाय?"

"त्याला अजून रंगाचा थेंबही लागलेला नाही," मी ऐटीत म्हणाले. "पहिला हात वाळल्याशिवाय दुसरा घ्यायचा नसतो. तुझ्या बाबांनीच सांगितलंय."

"अगं, हात म्हणजे थर! रंगारी थराला हात म्हणतात!" हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने बॅगेतून रिमूव्हर आणि कापूस काढला. "थांब आई, हे पुसते आणि नीट काढून देते."

"राहू दे," ताई म्हणाली. "मला आवडलंय."

"काहीतरीच. हे मिरवत दारात तरी जाशील का?"

हिरवं भराभर निघालं. खालून काळं वर आलं.

"हा काळा कुठला लावलास गं? निघत नाहीये."

"बेस आहे तो," मी ठोकून दिलं. "हल्ली काळाच लावतात."

"असेल," म्हणत ती जोर लावून घासायला लागली. ताई ओठ घट्ट मिटून बसली होती. तिच्याकडे बघायची माझी छाती होईना.

"नको घासू बाळा," शेवटी ताई म्हणाली. "दुखतं."

बिट्टी थांबली. तिने हळूच टॉवेल बाजूला केला. उजव्या हाताची नखंही तशीच काळी. तिने ती बघितली आणि मग माझ्याकडे बघितलं.

"मावशी, या हाताला तर थेंबही लागला नव्हता ना?"

एरवी बोलण्यात मला कुणी हरवत नाही. त्या वेळी मी खाली पडलेल्या टूथपिक गोळा करायला लागले.

ताईनेच सगळं सांगितलं. आजाराचं नाव घेतलं, गोळ्यांचं सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले तेही. बिट्टी हातातला कापूस पिळत ऐकत राहिली. मग म्हणाली, "मी परत जात नाही. परीक्षा पुढच्या वर्षी देईन."

"म्हणून तर सांगत नव्हते," ताई म्हणाली आणि रडायला लागली. आजार कळला त्या दिवशीसुद्धा ती रडली नव्हती.

मला तिथे बसवेना. मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. पलीकडे शेजारीण कपडे वाळत घालत होती.

"काय हो, डोळे का एवढे लाल झालेत?"

"नेलपॉलिशचा वास," मी म्हणाले. "फार झोंबतो."

"मग झाकण नीट लावून ठेवायचं ना," ती म्हणाली.

तेवढं एकच तर काम होतं माझ्याकडे.