दोनशे पंधराची प्लेट

सासऱ्यांनी अकरा वर्षांत प्रथमच आपली गाडी जावयाच्या गॅरेजमध्ये आणली होती, आणि तीही दुपारी चारच्या आत हवी होती. जावई मेस्त्री म्हणून नावाजलेला, पण मापं घ्यायचा हाताच्या वितेनं. सासरे वजनमापांचे निवृत्त निरीक्षक, सगळे त्यांना 'साहेब' म्हणत. 'अंदाजे' म्हणणाऱ्या माणसाच्या हाती साहेब सायकलचा पंपही देत नसत.

पण चारला कापड व्यापारी संघ त्यांचा सत्कार करणार होता. व्यापाऱ्यांनी निरीक्षकाला हार घालावा हे नवलच, पण साहेबांच्या मते ते सचोटीचं फळ होतं. आणि नेमका आदल्या दिवशी गिअरबॉक्स मोडला, क्लचप्लेटचे तर जळून तुकडे झाले. दुसरा गिअरबॉक्स मेस्त्रीनं आणून ठेवलाच होता. राहिली प्लेट.

मेस्त्रीनं फ्लायव्हीलवर, प्लेट ज्यावर बसते त्या इंजिनाच्या चाकावर, वीत टेकवली. "दोनशेची प्लेट लागेल, बाबा."

"वितेनं?" साहेबांनी खिशातून स्टीलची टेप काढली. हीच टेप त्यांनी नोकरीभर वापरली, सरकारी टेपवर त्यांचा विश्वास नव्हता. "दोनशे पंधरा. मिलिमीटर. लिहून घ्या, जावईबापू."

अकरा वर्षांनी उघडलेलं दार कोण लावून घेईल? मेस्त्री मुकाट्यानं दोनशे पंधराची प्लेट आणि तिचं कव्हर घेऊन आला. कव्हरची भोकं फ्लायव्हीलच्या भोकांवर येईनात.

"फ्लायव्हील चुकीचं आहे," साहेब म्हणाले.

"गाडी तुमच्याकडे नवी कोरी आली होती, बाबा."

"कारखान्यात माणसंच असतात. चुकतात."

मेस्त्री भंगारवाल्याकडून मोठं फ्लायव्हील घेऊन आला. त्याच्यावर प्लेट झकास बसली, पण प्लेटच्या मधले दाते काही केल्या गिअरबॉक्सच्या दांड्यावर जाईनात. साहेबांनी दांडा मोजला आणि गिअरबॉक्सही नापास केला. तिसरी खेप झाली. हा नवा गिअरबॉक्स प्लेटला चालला, पण इंजिनाला लागेना. मेस्त्रीच्या कपाळावर ग्रीस आणि घाम एक झाला होता. दोन वाजले. साहेबांची नजर आता सावकाश इंजिनाकडे वळली.

तेवढ्यात सासूबाई सत्काराचा कोट घेऊन आल्या. सगळं ऐकून त्यांनी टेप हातात घेतली आणि म्हणाल्या, "अहो, हिनं कशाला मोजलंत?"

"म्हणजे?"

"हिचं टोक दारात सापडून तुटलं होतं ना. तुम्ही घर डोक्यावर घ्याल म्हणून मी कातरीनं नीट कापलं आणि आकडी परत ठोकून दिली. दीड सेंटीमीटर तर गेलं असेल."

साहेबांनी चष्मा लावून पाहिलं. आकडीच्या पुढे पहिलाच आकडा दोन होता.

"कधी झालं हे?"

"आपली लेक पहिलीत होती तेव्हा."

लेक आज पस्तिशीची होती. साहेब मटकन स्टुलावर बसले. त्यांच्या ओठांची हालचाल होत होती, ते हिशेब करत होते. या टेपवर शंभर सेंटीमीटर भरायला पट्टी साडेअठ्ठ्याण्णवच लागते. म्हणजे इतकी वर्षं ज्यांची कापड मोजायची पट्टी आखूड, ते सगळे त्यांनी प्रामाणिक ठरवले होते. आणि ज्या दोघा-तिघांची पट्टी बरोबर होती, त्यांना दमात घेऊन बदलायला लावली होती.

"उगाच का कापडवाले तुम्हाला देवमाणूस म्हणतात," सासूबाई कोट झटकत म्हणाल्या. त्यांना यात काही वावगं वाटलं नव्हतं.

मेस्त्रीला हसू येत होतं, पण सासऱ्यांचा चेहरा पाहून ते त्यानं आवरलं. माणूस एकदम दहा वर्षांनी म्हातारा दिसत होता. मेस्त्री जवळ जाऊन हळूच म्हणाला, "बाबा, काळजी नको. जुनं फ्लायव्हील, मी आधी आणलेला गिअरबॉक्स आणि दोनशेची प्लेट. दोनशे पंधराच्या प्लेटनं गाडी जागची हलणार नाही, ही चटकन बसवतो. चारच्या ठोक्याला तुम्ही सत्काराला हजर."

साहेबांनी कोटाकडे पाहिलं, टेपकडे पाहिलं. मग अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला.

"जावईबापू," ते म्हणाले, "ती दोनशे पंधराचीच बसवा."