कोरड्या कालव्यातली बोट

"मंगळवारी आपण बोटीतून जायचं," असं उपेंद्ररावांनी जाहीर केलं तेव्हा कल्याणीबाई लोणच्याच्या कैऱ्या फोडत होत्या. अडकित्त्यातली कैरी तशीच अडकून राहिली.

"आपण म्हणजे कोण?"

"तू आणि मी. मलप्रभेतून बंधाऱ्यापर्यंत, तिथनं पुढं कालव्यानं पाच मैल, थेट साहेबांच्या बंगल्यापर्यंत."

"दोघंच?"

"दोघंच की! मग काय सगळी आळी न्यायची?"

मदतीला आलेल्या शेजारच्या अंबुबाईंनी तोंडाला पदर लावला. लग्नाला आठ वर्षं होऊन गेलेली नवराबायको दोघंच कुठे निघाली म्हणजे एक तर देवदर्शन असायचं, नाहीतर दवाखाना. नुसतं पाण्यावर हिंडायला जायचं, हे १९३२ सालच्या बेळगावात कुणाच्या पत्रिकेत लिहिलेलं नव्हतं.

उपेंद्रराव हुदलीकर कालव्याच्या कचेरीत कारकून होते, आणि त्यांचं अक्षर म्हणजे मोत्याची ओळ. कल्याणीबाईंचे वडील खानापूरच्या बाजूला शाळामास्तर. त्यांनी मुलाचं अक्षर पाहूनच मुलगी दिली. 'ज्याचं अक्षर असं, त्याचं चित्त किती स्थिर असेल!' असं ते म्हणाले होते. चित्त कसं आहे ते कल्याणीबाईंना आठ दिवसांत कळलं, पण बापाला वाईट वाटेल म्हणून त्यांनी ते माहेरी कळवलं नाही. उपेंद्रराव लिहायला बसले की आपण काय लिहितो आहोत याच्याकडे त्यांचं मुळीच लक्ष नसे. ते त्यांचं तत्त्वच होतं. "वाचत वाचत लिहिलं की वेलांटी बिघडते," असं ते नव्या उमेदवारांना सांगत.

साहेबांची तपासणीची बोट डागडुजीसाठी नदीकाठच्या एका सुताराकडे होती. ती मंगळवारी चार वाजेपर्यंत कालव्यावरच्या बंगल्याशी पोचायला हवी होती. साहेब तीत बसून कालवा बघणार होते आणि जमलं तर गळ टाकणार होते. जून महिन्यात साहेबांची बदली व्हायची होती. जाण्याआधी अव्वल कारकुनाच्या जागेसाठी ते एका नावाची शिफारस करणार होते. बोट पोचवायचं काम उपेंद्ररावांनी मागून घेतलं ते त्यासाठीच. पण खरं सांगायचं तर आणखी एक कारण होतं. साहेबांच्या रद्दीतल्या एका विलायती अंकात त्यांनी चित्र पाहिलं होतं. नवरा वल्हं मारतो आहे आणि समोर बायको छत्री घेऊन बसली आहे. ते चित्र सहा महिने त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं.

मंगळवारी उजाडता उजाडता दोघं नदीवर आली. सोबत दशम्या, शेंगांची चटणी, दहीभात, पन्ह्याचा तांब्या आणि एक काळी छत्री होती. उपेंद्ररावांनी कोट न काढता वल्ही हातात घेतली. बोट निघाली, स्वतःभोवती एक प्रदक्षिणा घालून सुताराच्या पायरीला लागली, पुन्हा निघाली आणि पुन्हा तिथेच आली.

"सुताराकडं काही राहिलंय का आपलं?" कल्याणीबाईंनी विचारलं.

"प्रवाहाचा अंदाज घेतोय मी."

"मग तेवढी छत्री धरा. मी घेते अंदाज." कल्याणीबाईंनी बोटीतला बांबू उचलला, तळाला रेटला, आणि बोट शहाण्यासारखी सरळ चालू लागली. समोर बायको बांबू रेटते आहे आणि आपण छत्री धरून बसलो आहोत, हे चित्र विलायती अंकात नव्हतं. पण बायको कासोटा आवळून, हातातल्या बांगड्या मागे सारून अशी ताठ उभी होती की उपेंद्रराव चित्र विसरून तिच्याकडेच बघत राहिले. आठ वर्षं आपण हिला फक्त चुलीपुढे बसलेली पाहिली, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं आणि ओशाळल्यासारखं झालं.

बंधाऱ्यावर मष्णू पाटकरी उभा होता. कालव्याच्या दारांचा तो राखणदार. त्याला वाचता येत नसे. कचेरीचा हुकूम आला की तो आधी अक्षर बघे, ते ओळखीचं असलं तरच गावच्या मास्तरांकडून वाचून घेई, आणि मग ब्रह्मदेव आला तरी हुकमाबाहेर जात नसे.

"रावसाब, आज जरा..." त्यानं तोंड उघडलं.

"हुकूम आहे!" उपेंद्ररावांनी कागद पुढे केला. "बोट कालव्यात सोडायची."

मष्णूनं कागद उन्हात धरून पाहिला, कपाळाला लावला. "व्हय, अक्षर त्येच हाय. पर म्या काय म्हणतोय..."

"हुकमापुढं तू काय म्हणतोस नि मी काय म्हणतो? उचल बोट!"

मष्णूनं चार गडी बोलावून बोट बंधाऱ्याच्या भिंतीवरून उचलली, कालव्यात सोडली, रामराम केला आणि आपल्या कामाला गेला.

कालव्याचं पाणी संथ होतं. दोन्ही काठांना ऊस उभा होता. इथे उपेंद्ररावांना वल्हीही जमू लागली. कल्याणीबाईंनी छत्री उघडली, आणि अर्धा तास ते विलायती चित्र खरोखर कालव्यातून चाललं. उपेंद्ररावांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"अहो," कल्याणीबाई म्हणाल्या, "काठ वर चाललाय."

"काठ कसा वर जाईल? ऊन लागलं तुला. पन्हं घे."

"मघाशी माझ्या खांद्याला होता. आता छत्रीला लागलाय."

"कालवा इथं खोल असेल."

"कालवा खोल असेल, पण पाणी कुठंय?"

उपेंद्ररावांनी वल्हं मारलं. ते चिखलात रुतलं आणि तिथेच उभं राहिलं. पाठोपाठ बोटीच्या बुडाला खर्रकन आवाज झाला. दहा मिनिटांत कालव्याच्या ऐन मध्यावर बोट होती, बोटीत छत्री होती, आणि पाणी म्हणाल तर तांब्यातल्या पन्ह्याएवढंच होतं. बंगला अजून साडेतीन मैल लांब होता.

तेवढ्यात काठावरून आरोळी आली. "कुठल्या मुडद्यानं पानी बंद केलं रं?" उसाची मालकीण अक्काताई हातात खुरपं घेऊन उभी होती. "आज माज्या पान्याची पाळी! दुपारी दार फोडायचं आनि कालव्यात पानी न्हाय? आनि ही कोन मानसं? चिखलात काय बसलाय गं बाई, घरदार न्हाय व्हय?"

"सरकारी कामावर आहोत," उपेंद्रराव तोऱ्यात म्हणाले. "आणि ज्यानं आज पाणी बंद केलं, त्या गाढवाची मी साहेबांकडं तक्रार करणार! नाव कळू दे फक्त!"

काठाकाठानं दारं तपासत मष्णू येतच होता. "पानी म्याच बंद केलं रावसाब. हुकूम हाय." त्यानं मुंडाशातून कागद काढला.

कागदावर लिहिलं होतं: 'तळाचा गाळ पाहणेसाठी मंगळवारी सकाळी अकरा वाजता कालव्याचे पाणी पूर्ण बंद करावे.' प्रत्येक वेलांटी अशी की दृष्ट लागावी. खाली साहेबांची सही होती. उपेंद्ररावांनी आपलंच लिखाण जन्मात पहिल्यांदा वाचलं आणि टोपी कपाळावर ओढली.

"दोन्ही हुकूम एकाच अक्षराचं," मष्णू म्हणाला. "एकानं बोट सोडली, दुसऱ्यानं पानी तोडलं. मधी म्या कोन बोलनार? बोलाय गेलतो, तर तुमी गप केलासा."

"ज्यानं ह्यो कागद लिवला," अक्काताईनं खुरपं आभाळाकडे केलं, "त्येच्या हाताला मुंगळं डसू देत!"

उपेंद्ररावांनी उजवा हात हळूच कोटाच्या खिशात घातला.

"कुणी लिहिला असेल हो?" कल्याणीबाईंनी भाबडा चेहरा करून विचारलं.

"अगं, पुरे की!"

मष्णू जवळ आला, आवाज खाली आणून म्हणाला, "रावसाब, वंगाळ वाटून घिऊ नका. तुमच्या खिशात कागद असंल, दौत असंल. चार वळी लिवा, 'पानी सोड' म्हनून. अक्षर वळखीचं, म्या दार उघडतो. सही कोन बघतंय?"

"लिवा की!" अक्काताईचा सूर एकदम मऊ झाला. "माजा ऊस बी भिजंल."

उपेंद्ररावांच्या खिशात कागद होता, दौत होती. चारला बोट पोचली नाही तर जागा दुसऱ्याच्या घशात जाणार, हे दिसत होतं. त्यांनी दौतीचं टोपण उघडलं. कल्याणीबाईंनी चटणीचा डबा उगाचच उघडला आणि पुन्हा लावला. उपेंद्ररावांनी दोन क्षण कोऱ्या कागदाकडे पाहिलं आणि टोपण परत लावलं.

"नाही मष्णू. सहीशिवाय हुकूम नाही. जागा गेली तर गेली."

कल्याणीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. माणूस वेंधळा होता, कोटावर चिखलाचे शिंतोडे उडाले होते, टोपी वाकडी झाली होती. पण आपल्या बापानं अक्षर पाहून काही अगदीच चूक केली नव्हती, असं त्यांना वाटलं. आणि तसं वाटल्याबरोबर त्या उठून उभ्या राहिल्या.

"अक्काताई, बैलं आहेत का तुमच्याकडं?"

"हाईत की. का गं?"

"आमच्या माहेरी भाताच्या खाचरात चिखल सारखा करायला बैलांमागं फळी ओढतात. फळीवर एकानं उभं राहायचं. लहानपणी शेजारच्यांच्या फळीवर मीच असायची. ही बोट तरी काय, कडेला काठ लावलेली फळीच की!"

मष्णूनं मांडीवर थाप मारली. तोही भाताच्या मुलखातलाच होता. "बुड सपाट, चिखल ओला. पळंल की वो!"

"आणि पाळीचं बघतो मी," उपेंद्रराव अक्काताईला म्हणाले. "तुमची बुडालेली पाण्याची पाळी साहेबांना सांगून सहीनिशी भरून देतो."

अक्काताईनं त्यांना खालून वर न्याहाळलं. "म्हंजी मुंगळंवाला हात तुमचाच व्हय!" असं म्हणून ती खळखळून हसली आणि बैल आणायला गेली.

अर्ध्या तासानं बोट निघाली. पुढे ढवळी बैलजोडी, बोटीच्या पुढच्या टोकाला जाड दोर बांधलेला, आणि बोटीत पाय रोवून कल्याणीबाई उभ्या. एका हातात कासरा, दुसऱ्या हातात मिटलेली छत्री. "हो राजा, हो!" अशी हाळी त्यांनी घातली ती ऐकून उपेंद्रराव थक्क झाले. हा आवाज गेली आठ वर्षं आपल्या घरात कुठल्या डब्यात ठेवला होता? बोट चिखलावरून सुळकन जात होती. उसातली बाया-माणसं काठावर धावत येऊन बघत होती. उपेंद्रराव मागून वल्ही खांद्यावर घेऊन चालले होते आणि भेटेल त्याला सांगत होते, "आमच्या घरातल्या आहेत त्या. होय, आमच्याच!"

चारला दहा मिनिटं कमी असताना बोट बंगल्याशी पोचली. साहेब गळ घेऊन पायरीवर उभे होते. त्यांनी एकदा रिकाम्या कालव्याकडे पाहिलं, एकदा बैलांकडे, एकदा कासरा धरलेल्या बाईंकडे. तोंडातला पाइप विझला.

"हुदलीकर! पाणी कुठं आहे?"

उपेंद्ररावांनी दोन्ही हुकूम पुढे ठेवले. "दोन्ही मीच लिहिलेत, साहेब. लिहिताना वाचले नाहीत. चूक माझी आहे."

साहेबांनी एक कागद वाचला. दुसरा वाचला. मग ते दोन्ही कागदांच्या तळाशी असलेली आपलीच सही निरखू लागले. त्यांचे कान लाल झाले.

"इतकं सुरेख अक्षर," ते अखेर पुटपुटले. "मीसुद्धा कधी वाचत नाही."

मग ते गळ ठेवून, बूट काढून निमूट बोटीत चढले. कल्याणीबाईंनी त्यांना मैलभर फिरवून आणलं. कालव्याचा गाळ इतक्या जवळून त्यांनी नोकरीत कधी पाहिला नव्हता. उतरल्यावर ते अहवाल सांगू लागले आणि उपेंद्रराव लिहू लागले. लिहून झाल्यावर कागद पुढे करता करता उपेंद्रराव थांबले. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेऊन ओळीओळीनं वाचला.

"साहेब, 'पाण्याची पातळी समाधानकारक' असं सांगितलंत. पाणी नाहीच आहे. आणि बैल देणाऱ्या अक्काताईंची पाण्याची पाळी भरून द्यायची राहिलीय."

साहेबांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि ते मोठ्यानं हसले. अक्काताईंची पाण्याची पाळी तिथल्या तिथे मंजूर झाली. जूनमध्ये उपेंद्रराव अव्वल कारकून झाले. शिफारशीत साहेबांनी लिहिलं होतं, 'हा मनुष्य वाचतो.'

आणि तत्त्व खरं ठरलं. वाचत वाचत लिहू लागल्यापासून उपेंद्ररावांचं अक्षर बिघडलं. वेलांट्या कलल्या, काने बसके झाले. दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात कालवा बंद करण्याचा हुकूम त्यांनी तीनदा वाचून, नव्या साहेबांची सही घेऊन धाडला. चौथ्या दिवशी तो तसाच परत आला. मष्णूनं मास्तरांकडून मागे लिहून घेतलं होतं: 'अक्षर उपेंद्ररावांचे नाही. कागद खोटा वाटतो. सबब पाणी चालू ठेवले आहे.'

उपेंद्रराव कपाळाला हात लावून घरी आले. "आता उद्या बंधाऱ्यावर जाऊन मलाच त्याच्यापुढं बसून लिहून दाखवायला पाहिजे!"

कल्याणीबाईंनी अडकित्ता खाली ठेवला. "बोट कुठं असते सध्या?"

"बंधाऱ्यावरच. का?"

"आणि कालव्यात पाणी आहे म्हणता?"

"काठोकाठ आहे की! तेच तर सांगतोय!"

"मग आधी बोटीतून हिंडू आणि हुकूम येताना लिहा," कल्याणीबाई म्हणाल्या आणि दशम्यांचं पीठ काढायला उठल्या. "जाताना छत्री मी धरणार आहे."