दोन आट्यांचा खडाक

गाडी पहिल्यांदा वाजली ती कोपऱ्यावरच्या स्पीडब्रेकरवर. खडाक. चिरंजीवांनी रेडिओ बंद केला, काच खाली केली, मान तिरपी करून ऐकलं. पुढे काही नाही. दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा खडाक. चिरंजीव विमा कचेरीत लोकांच्या गाड्यांचे अपघात कागदावर तपासत, त्यामुळे आपल्याला गाड्यांतलं कळतं असा त्यांचा जुना गैरसमज होता. "एक्सल गेला," त्यांनी जेवताना जाहीर केलं.

बाबा म्हणाले, त्यांना तर कसलाच आवाज येत नाही. बाबांनी तीस वर्षं बस डेपोत फिटर म्हणून काढली होती, पण घरात आता त्या अनुभवाला कोणी विचारत नव्हतं. सहा महिन्यांपूर्वी शेजारणीचा मिक्सर उघडताना त्यांना शॉक बसला. तेव्हापासून चिरंजीवांनी दुरुस्तीवर कायमची बंदी घातली आणि अवजारांची पेटी माळ्यावर टाकली. बाबांकडे एकच काम उरलं, रोज सकाळी गाडी पुसायचं. गाडी त्यांनीच निवृत्तीच्या वर्षी हौसेने घेतलेली. पुसायला ते चांगला अर्धा तास लावत आणि बराच वेळ ओणवे असत.

मिस्त्रीचंही मत एक्सलच पडलं. आत हात घालायचा तर आधी गिअरबॉक्सखालचा पत्रा काढावा लागतो. त्याने पत्रा काढला, एक्सल बदलला, पत्रा परत घट्ट बसवला. आवाज बंद. चिरंजीव तीन दिवस कॉलर ताठ करून हिंडले. चौथ्या दिवशी खडाक.

मग इंजिनाचं माउंटिंग बदललं. पत्रा काढला, पत्रा लावला, आवाज बंद. पाचव्या दिवशी खडाक. मिस्त्री हट्टाला पेटला. तो मागच्या सीटखाली कान लावून आडवा झाला आणि चिरंजीवांनी त्याला स्पीडब्रेकरवरून अकरा वेळा नेलं. मग गिअरबॉक्स उघडून झाला. तरी आवाज जेमतेम आठवडाभर गप्प राहिला.

शेवटी सूनबाईंनी निकाल दिला. रविवारपर्यंत आवाज गेला नाही तर गाडी विकायची.

बाबांचा घास हातातच राहिला. "विकायची कशाला? जरा वाजली म्हणून काय झालं?"

"तुम्हाला तर आवाज येतच नाही ना," चिरंजीव म्हणाले. बाबांनी हातातला घास तोंडात कोंबला.

शनिवारी मिस्त्रीने गाडी वर उचलली आणि पहिल्यांदाच आतला कुठलाही भाग न बघता नुसता पत्रा बघितला. पुढचा एक बोल्ट दोन आटे ढिला होता. त्याच्या डोक्यावर पिवळ्या रंगाची बारीक रेघ होती.

"साहेब, ही डेपोतल्या जुन्या फिटरांची खूण. बोल्ट किती फिरवला ते कळावं म्हणून मारतात. ढिला करतानासुद्धा."

चिरंजीव खाली वाकून बघत राहिले. ही रेघ त्यांच्या घरात पंख्यावर होती, खुर्चीवर होती, सूनबाईंच्या चष्म्याच्या दांडीवरसुद्धा होती.

ते तसेच चालत घरी गेले आणि दाराऐवजी खिडकीशी थांबले. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं. त्यावर दोन मिक्सर आणि एक इस्त्री, पोट उघडून. शेजारीण समोर बसून वाट बघत होती आणि बाबा शीळ घालत स्क्रू पिळत होते. ती शीळ चिरंजीवांनी सहा महिन्यांत ऐकली नव्हती. स्पीडब्रेकरपासून दारापर्यंत यायला दोन मिनिटं लागतात. टेबल आवरायलाही तेवढीच लागत असणार. चिरंजीवांना स्वतःची लाज वाटली. ते आत न जाता आल्या पावली गॅरेजमध्ये परतले.

"पत्रा सैल राहिला तर काही धोका?"

"पडेपर्यंत नाही. नुसता वाजेल."

"मग बोल्ट ढिलाच ठेव."

मिस्त्रीने तो मोकळ्या हाताने आणखी ढिला केला. संध्याकाळी सूनबाईंना कामावरून घेऊन येताना स्पीडब्रेकरवर असा दणका वाजला की गॅलरीतली माणसं खाली डोकावली. चिरंजीवांनी कोपऱ्यावर गाडी थांबवून बाबांना एक मिनिट जास्तच दिलं.

घरात टेबल लख्ख होतं. बाबा वर्तमानपत्र वाचत बसले होते.

"आज तर कहरच झाला," सूनबाई म्हणाल्या. "उद्याच गिऱ्हाईक बघा."

चिरंजीव काही बोलणार तेवढ्यात बाबांनी पेपर खाली आपटला. इतका वेळ दाबून धरलेलं त्यांना आवरेना.

"कोण आहे तो मिस्त्री? चार आटे ढिला केलाय त्याने बोल्ट. दोनच करायचा असतो. पत्रा रस्त्यात पडेल अशाने."

सूनबाईंनी सासऱ्यांकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, चष्मा काढून त्याची दांडी बघितली, आणि गिऱ्हाइकाचा विषय तिथेच संपला. बाबांनी पेपर पुन्हा तोंडासमोर धरला, तो उलटा.

चिरंजीवांनी टेबलाखाली वाकून एक छोटा स्क्रू उचलला आणि बाबांपुढे ठेवला.

"बाबा, मिक्सरचा राहिला वाटतं."

पेपर जरासा खाली आला. बाबांनी स्क्रू उजेडात धरून बघितला.

"इस्त्रीचा आहे," ते म्हणाले.