पहिलं जाळं कोणाचं

सुरेंद्रने बनवलेल्या प्रोग्रॅममध्ये एकच खोड होती आणि ती त्याने स्वतः, मोठ्या हौसेने घातली होती. साध्या मजकुराच्या फायली एका फोल्डरमध्ये टाकायच्या, एक कळ दाबायची, की त्या सगळ्यांची मिळून वेबसाइट तयार. दर फायलीचं एक पान, पानावर फोटो, आणि सुरुवातीला सगळ्यांची यादी. त्या यादीत जी फाईल सगळ्यात शेवटी दुरुस्त झाली, ती सगळ्यात वर. ताजं वर, शिळं खाली. कुरखेड्याच्या भाजीबाजारातही असंच मांडतात, असं तो म्हणायचा, आणि ते खरंही होतं.

सन दोन हजार नऊ. कुरखेड्यात लग्नपत्रिका छापून देण्यात सुरेंद्रची पाच वर्षं गेली होती. गणपती डावीकडे घ्यावा की मधोमध, यावर लोकांशी वाद घालून तो विटला होता. मच्छीमार संस्थांचं काम पाहणाऱ्या नागपूरच्या एका साहेबांना त्याचा प्रोग्रॅम आवडला, तेव्हा त्याला वाटलं, सुटलो. चाळीस संस्थांना प्रोग्रॅम द्यायचा आणि सुरेंद्रला नोकरीत घ्यायचं, इथवर बोलणं झालं. अट एकच होती.

"उद्या तुम्ही विहिरीत पडलात तर हे चालवणार कोण?" साहेबांनी विचारलं.

सुरेंद्रने स्वतःकडे बोट दाखवलं आणि मग ते खाली घेतलं.

"माहितीपुस्तक लिहा. पुढच्या शुक्रवारी मी येतो. तुम्ही सोडून दुसरं कोणीतरी, नुसतं पुस्तक वाचून, तुम्हाला एक शब्दही न विचारता वेबसाइट बनवून दाखवेल. जमलं तर चाळीस. नाही जमलं तर राम राम."

चाचणीसाठी त्याने बोडीटोल्याची मच्छीमार संस्था घेतली होती. एकतीस घरं, एकतीस फायली. इथवर कोणाचं काही बिघडलं नव्हतं. पण बोडीटोल्याचं एक जुनं दुखणं होतं. वर्षातून एकदा तलावातली मोठी मासोळी काढतात, त्या दिवशी पहिलं जाळं कोणी टाकायचं? उमाजी म्हणायचा, आमच्या घराचा मान. दादाजी म्हणायचा, आमच्या; मग बाकीची घरंही सरसावायची. गेली दोन वर्षं हा वाद दुपारपर्यंत चालला होता, आणि तोवर व्यापाऱ्याची गाडी दुसऱ्या तलावावर निघून गेली होती.

संस्थेचा सचिव मिथुन वैतागला. त्याने वेबसाइटवरची यादी छापली आणि संस्थेच्या दारावर डकवली.

"ह्या शनिवारी कॉम्प्युटरवर जशी यादी राहीन तसे जाळे टाकाचे. कॉम्प्युटरले ना काका ना मामा."

गावाला हे पटलं. तलावावर सगळेच सगळ्यांचे नातेवाईक होते, कॉम्प्युटर तेवढा परका होता. उमाजी आणि दादाजी दोघेही मुकाट्याने घरी गेले. सगळं सुरळीत झालं असतं. पण सुरेंद्रने पुस्तकाचा कच्चा खर्डा तपासायला मिथुनकडे दिला होता, आणि मिथुनने तो चहाच्या टपरीवर मोठ्याने वाचला. पान तीन. 'जी फाईल शेवटी दुरुस्त होईल, ती यादीत सर्वांत वर येईल.'

दुसऱ्या दिवशी सकाळी उमाजी कुरखेड्याला हजर.

"का गा सुरेंद्र, फोटोत माही मिशी लय पांढरी दिसून राह्यली."

"भाऊ, मिशी पांढरीच आहे."

"तेवढी नाई. पाहून घे."

सुरेंद्रने मिशी काळी केली. उमाजी वर गेला. तासाभराने दादाजी आला. त्याच्या बकरीला दोन पिलं झाली होती, ती पानावर घालायची होती.

"भाऊ, हे मच्छीचं काम आहे. बकऱ्या कुठी टाकू?"

"बकऱ्या पाणी तलावातलंच पेतात ना गा?"

पिलं चढली, दादाजी वर गेला. बुधवारपर्यंत कोणाच्या नातवाचं नाव बदललं होतं, कोणाच्या घरावर कौलाऐवजी पत्रा आला होता. मग लोकांच्या ध्यानात आलं, की नुसती दुरुस्ती करून भागत नाही, शेवटची दुरुस्ती आपली पाहिजे. तिथून सगळं उलटं झालं. दोन वर्षं 'पहिले मी' म्हणून एकमेकांच्या गचांड्या धरणारी अकरा माणसं सुरेंद्रच्या बाकावर बसली आणि एकमेकांना मान देऊ लागली.

"उमाजीभाऊ, तुमचं होऊ द्या पहिले. तुमी मोठे."

"नाई गा दादाजी, तू दुरून आला."

"आपण एकाच गाडीत आलो."

"तरी तू मांगच्या सीटवर होता."

दुकान बंद व्हायची वेळ झाली, तरी दुरुस्ती कोणीच सांगेना. एवढी अदब सुरेंद्रने कधी लग्नातही पाहिली नव्हती. त्याला रडू यायचं तेवढं बाकी होतं. परवा साहेब येणार, आणि पुस्तक अजून अर्धं होतं.

त्याने ती खोडच उपटून टाकली. प्रोग्रॅममध्ये नवी सोय केली: फायलीत 'मान' असं लिहून पुढे आकडा घालायचा. एक लिहिलं की पहिला, दोन लिहिलं की दुसरा. ज्यांना आकडा नाही, ते सभासद क्रमांकाने त्यांच्या मागे. सोय तासाभरात झाली. पुस्तक मात्र तिथेच अडलं, कारण आता लिहावं लागणार होतं की मान एक कोणाचा. तो बोडीटोल्याला गेला.

"बरोबर ज्याचा आहे त्याचा लिहून टाक," उमाजी म्हणाला.

"उमाजी बरोबर बोलून राह्यला," दादाजी म्हणाला. इतक्या वर्षांत त्यांचं हे पहिलंच एकमत होतं.

सुरेंद्रने लिहिलं, 'आकडे संस्थेने ठरवावेत.' पण पुस्तकात उदाहरण तर हवं. उमाजीचं नाव घालावं तर दादाजी रुसेल, दादाजीचं घालावं तर उमाजी. शेवटी त्याने एकतिसावं नाव घातलं. कुंताबाई. नवरा गेल्यावर सभासदत्व तिच्या नावावर आलं होतं, ती संस्थेच्या काट्यावर मासोळी मोजायची, आणि तिच्याकडे जाळंच नव्हतं. बाईमाणूस तलावात जाळं टाकतच नाही, तेव्हा रुसणार कोण? त्याने लिहिलं, 'उदाहरण: कुंता. मान: १.' आणि निवांत झोपला.

शुक्रवारी साहेब आले. संस्थेच्या खोलीत सगळं गाव दाटलं. मिथुन केस विंचरून पुढे बसला होता.

"हे नकोत, हे शिकलेले दिसतात," साहेब म्हणाले. त्यांनी खोलीभर पाहिलं आणि काट्याजवळ बोट दाखवलं. "त्या बाई."

कुंताबाई चौथी शिकलेली. पण ती काट्यावरची बाई होती. एक किलो म्हणजे एक किलो, पाटलाची असो की पाहुण्याची. तिने हात पदराला पुसले, पुस्तक मांडीवर घेतलं आणि ओळीवर बोट ठेवून वाचू लागली. पुस्तकात जे होतं ते केलं, जे नव्हतं ते केलं नाही. 'आता थोडा वेळ थांबावे' असं होतं तिथे ती हात जोडून थांबली. साहेबांच्या चेहऱ्यावर समाधान दिसू लागलं.

मग मान आला.

"आकडे संस्थेनं ठरवावे," तिने वाचलं आणि वर पाहिलं. "संस्थेनं तं काई ठरवलं नाई."

उमाजी छताकडे पाहत होता, दादाजी पायाकडे. सुरेंद्रने तोंड उघडलं.

"तुम्ही बोलायचं नाही," साहेब म्हणाले. "बाई, पुस्तकात पुढे काय आहे?"

"कुंता. मान एक."

"मग तसं करा."

तिने एक-एक अक्षर शोधत तसं केलं, आणि कळ दाबली. एकतीस घरांची यादी पडद्यावर आली. सगळ्यात वर, काट्याजवळच्या फोटोत, कुंताबाई.

"उत्तम," साहेब म्हणाले. "चाळीस."

सुरेंद्रच्या डोळ्यांत पाणी आलं. गावाला मात्र दुसरीच काळजी होती.

"बाई टाकन जाळं?" मागून कोणीतरी विचारलं.

उमाजीने दादाजीकडे पाहिलं. "पुस्तकात लिवलं आहे," तो म्हणाला. दादाजीच्या नावापेक्षा त्याला हे सोसण्यासारखं होतं. दादाजीलाही तसंच वाटलं.

शनिवारी उमाजीने आपलं जाळं कुंताबाईला दिलं. ते कळताच दादाजीने तिला पाण्यात न्यायला आपला डोंगा आणला, नाहीतर मान उमाजीच्या जाळ्याचा झाला असता. जाळं उमाजीचं, डोंगा दादाजीचा, आणि मधे कुंताबाई पदर खोचून उभी. तिने जाळं फेकलं ते अर्धं दादाजीच्या डोक्यावर पडलं. उरलेल्या अर्ध्यात एक मरळ निघाली. काठावर येऊन तिने ती स्वतः काट्यावर घातली. "पावणेदोन किलो," ती म्हणाली, आणि मग बाकीच्या तीस जणांनी एका शब्दाचीही तक्रार न करता सभासद क्रमांकाने जाळी टाकली. सकाळी नऊला गाडी भरली.

साहेबांना हे इतकं आवडलं, की त्यांनी पुस्तकात स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली, 'या यादीप्रमाणे जाळी टाकल्यास भांडण होत नाही,' आणि चाळीस प्रती वाटल्या. सुरेंद्र नोकरीला लागला. नव्या टेबलावरचा पहिला फोन धानोऱ्याकडच्या एका संस्थेचा आला.

"साहेब, आमी पुस्तकापरमानं सगळं केलं. यादी निंगाली."

"मग अडचण काय?"

"आमच्या यादीत पहिली कुंताबाई आहे. आमच्या गावात कुंताबाई नाई. सकाळपासून लोक जाळे घेऊन काठावर बसून आहेत. कवा पाठवता तिले?"

सुरेंद्रने डोकं धरलं. मग त्याने बोडीटोल्याला मिथुनला फोन लावला आणि तो कुंताबाईला द्यायला सांगितला. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. चूक पुस्तकाची आहे, ती आजच दुरुस्त करतो, तुम्ही मनावर घेऊ नका, असं सुरेंद्र परत परत सांगत होता.

"पण ते लोक बसून आहेत ना गा?" तिने विचारलं.

"बसून आहेत."

पलीकडे ती काट्याची पारडी पुसून ठेवत असल्याचा आवाज आला.

"जातो मी," ती म्हणाली. "जाळं त्याईचं राहीन, का इथून न्या लागन?"